रशियन अस्वलाच्या नावातला मन्वंतराचा ‘व’

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुतण्याने एक फॉरवर्ड टाकला. वर ओंकार, खाली बर्फात दोन पायांवर उभं असलेलं अस्वल, आणि मजकूर असा: रशियन भाषेत अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात, मेद्वेद म्हणजे ‘मधु-वेद’, म्हणजे रशियन लोक मुळात वैदिकच, आणि रशिया हे नाव तर उघडउघड ‘ऋषी’वरून आलेलं. त्याखाली नऊ जणांचे जोडलेले हात. ‘हे खोटं आहे’ एवढंच लिहून मी मोकळा होणार होतो. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की या गृहस्थांनी कडी चुकीच्या दाराची वाजवली असली तरी गल्ली बरोबर पकडली आहे.

आधी ऋषींचं आटपून घेऊ. रशियाचं जुनं नाव ‘रुस’. बहुतेक अभ्यासक ते फिनिश भाषेतल्या ‘रुओत्सी’शी जोडतात. फिनलंडमध्ये आजही स्वीडनला रुओत्सी म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी वल्ही मारत नद्यांमधून येणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांचं नाव असावं. म्हणजे ऋषी नव्हेत, नावाडी.

आता मेद्वेद. यातला ‘मेद’ म्हणजे मध, आणि तो आपल्या ‘मधु’चा सख्खा भाऊ. रशियनमध्ये मधाला आजही ‘म्योद’ म्हणतात. इथवर फॉरवर्ड बरोबर. घोटाळा पुढच्या तुकड्यात आहे. ‘वेद’ ऐकलं की आपल्याला विद् धातू आठवतो, आणि गंमत म्हणजे सर्वसाधारण रशियन माणसालाही तोच आठवतो. ‘ज्याला मध कुठे आहे ते ठाऊक, तो मेद्वेद’ हे स्पष्टीकरण रशियात शाळकरी पोरंही देतात. युक्रेनियन भाषेत तर शब्दाचे तुकडे चक्क उलटेपालटे होऊन ‘वेदमिद’ झाले आहेत. पण शब्दाची फोड ‘मेद + वेद’ अशी नाहीच. ती ‘मेदु + एद’ अशी आहे. एद म्हणजे खाणे. संस्कृतातला अद् धातू, लॅटिनमधलं एदेरे, इंग्रजीतलं ईट, सगळे एकाच कुळातले.

मग मधला ‘व’ आला कुठून? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर आपण आठवी-नववीत पाठ केलेलं असतं. यण् संधी! इ, उ, ऋ यांच्यापुढे विजातीय स्वर आला की त्यांच्या जागी य्, व्, र् येतात. मनु + अंतर = मन्वंतर. सु + आगत = स्वागत. अनु + एषण = अन्वेषण. तसंच मेदु + एद = मेद्वेद. जीभ ‘उ’च्या गोलाईवरून पुढच्या स्वराकडे सरकते तेव्हा ओठ मिटता मिटता मधे ‘व’ उमटतोच. त्याला संस्कृत यावं लागत नाही. पाणिनीने त्याचं सूत्र लिहिलं, रशियन-युक्रेनियनसारख्या भाषा बोलणाऱ्या स्लाव्ह शेतकऱ्याने न लिहिता तेच केलं. रशियन अस्वलाच्या नावातला ‘व’ हा वेदाचा नाही, मन्वंतराचा आहे.

आणि हा समास हुबेहूब आपल्याकडेही आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १६४वं सूक्त बऱ्याच जणांनी नावाने नाही तरी ओळींनी ऐकलेलं असतं. ‘द्वा सुपर्णा’ त्यातलंच. त्याच्या बाविसाव्या ऋचेत ‘यस्मिन्वृक्षे मध्वदः सुपर्णाः’ असे शब्द येतात. मध्वद म्हणजे मधु + अद्, मध खाणारे. तिथे ते विशेषण झाडावर बसलेल्या पक्ष्यांना लागलं आहे, अस्वलाला नाही. यावरून रशियन वैदिक ठरत नाहीत, की आपण स्लाव्ह ठरत नाही. दोन चुलत घरांनी आजोबांच्या वाटणीत आलेल्या एकाच पाट्यावर आपापलं वाटण वाटलं, इतकंच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. अस्वल हा काही काल-परवा भेटलेला प्राणी नव्हे. या भाषांचे पूर्वज पाच-सहा हजार वर्षांपूर्वी जिथे कुठे राहत होते तिथे अस्वल होतं, आणि त्याला नाव होतं. मग स्लाव्ह लोकांना ‘मध खाणारा’ हे टोपणनाव का वापरावं लागलं? मूळ नाव गेलं कुठे?

मूळ नाव आपल्याकडे शाबूत आहे. संस्कृतात ‘ऋक्ष’. ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’, अवेस्तामध्ये ‘अर्श’, फारसीत ‘खिर्स’, आर्मेनियनमध्ये ‘आर्ज’, वेल्शमध्ये ‘आर्थ’. कानाला लांबची वाटली तरी ही सगळी एकाच शब्दाची रूपं. तपकिरी अस्वलाचं शास्त्रीय नाव लिनियसने १७५८ साली ‘उर्सुस आर्क्टोस’ ठेवलं, म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल आणि ग्रीकमध्येही अस्वल. संस्कृतात सांगायचं तर ‘ऋक्ष ऋक्ष’.

मराठीने हा शब्द कुठे ठेवला? जुन्या मराठीत तो सरळ ‘रीस’ म्हणून सापडतो. रामकथेतल्या वानर-रिसांच्या सैन्यात जांबवंताची मंडळी ती हीच. आणि रोजच्या वापरातलं ‘अस्वल’? ते प्राकृतातल्या ‘अच्छभल्ल’वरून आलं असं मानतात. त्यातला ‘अच्छ’ म्हणजे ऋक्षच. ऋचा ‘अ’ झाला, क्षचा ‘च्छ’ झाला. पुढे च्छचा ‘स’ कसा झाला हे पाहायला मराठी माणसाला कोश उघडायला नको, हिंदी कानावर पडली की पुरे. क्षेत्राचं हिंदीत खेत, मराठीत शेत. मक्षिकेची हिंदीत मक्खी, मराठीत माशी. इक्षूचा तिकडे ऊख, इकडे ऊस. कुक्षीची तिकडे कोख, इकडे कूस. हिंदीने बहुतेक ठिकाणी क्षमधला ‘क’ धरून ठेवला आणि मराठीने ‘ष’ची बाजू घेतली. ऊस, कूस, माशी आणि अस्वल हे चारही शब्द एकाच नियमाच्या दोरीला बांधलेले आहेत. उरलेल्या ‘भल्ल’ला लगेच ‘भला’शी जोडून ‘भला माणूस म्हणजे अस्वल’ असं काहीतरी सुचतं. पण तो मोह मी आवरतो, नाहीतर माझ्यात आणि फॉरवर्डवाल्यात फरक काय राहिला!

इथे जरा खडबडीत रस्ता आहे. ज्यांना नको त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून पलीकडे उतरावं.

ग्रीकमध्ये ‘क्त’, संस्कृतात ‘क्ष’, लॅटिनमध्ये नुसता ‘स’. एका आवाजाचे हे तीन आवाज होणं नियमात बसत नव्हतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी मूळ भाषेत एक खास, आता कुठेच न उरलेला आवाज कल्पिला. १९१५ साली चेक विद्वान बेद्रिख ह्रॉझ्नी यांनी तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती मातीच्या पाट्यांची भाषा उलगडली, आणि पुढे त्या पाट्यांमध्ये अस्वलासाठी ‘हर्तग्ग’ असा एक शब्द हाती आला. त्यात ‘त’ आधी आणि ‘क’च्या जातीचा आवाज नंतर! हा अपघात म्हणावा तर भूमीच्या शब्दातही तेच: ग्रीकमध्ये ख्थोन, संस्कृतात क्षम्, पण हित्तीत तेकन. म्हणजे मूळ जोडी त-क अशी होती. ग्रीकांनी ती उलटवून क-त केली, आपल्याकडे ती घासून क्ष झाली. खास आवाजाची गरजच उरली नाही. मूळ शब्द ‘हृत्कोस’च्या जवळपासचा असणार, आणि त्याच्या सुरुवातीचा ‘ह’ही हित्तीनेच जपला. तीन हजार वर्षांहून जुन्या पाटीवरच्या एका अस्वलाने पंडितांनी गृहीत धरलेला एक अख्खा आवाज पुसून टाकला. मला हे दर वेळी नव्याने आवडतं.

तर हे नाव कुठे टिकलं आणि कुठे गेलं याचा नकाशा काढला की एक पट्टा दिसतो. भारत, इराण, आर्मेनिया, ग्रीस, रोम इथे टिकलं. उत्तर युरोपच्या जंगलपट्ट्यात गेलं. स्लाव्ह लोक म्हणू लागले ‘मध खाणारा’. जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातले, लोक म्हणू लागले ‘तपकिरी’. इंग्रजी ‘बेअर’ बहुतेकांच्या मते तिथूनच येतो. लिथुआनियात ‘लोकिस’, लाटव्हियात ‘लात्सिस’, तेही निराळेच. शेजारचे फिनिश लोक तर वेगळ्याच भाषाकुळातले, तरी त्यांच्याकडेही अस्वलाला ‘मेसिकॅमेन’ म्हणजे ‘मधाचा पंजा’ म्हणतात. जिथे माणूस हिवाळाभर अस्वलाच्या शेजारी राहिला तिथेच नेमकं त्याचं नाव बदललं. १९०६ साली फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंतोअन मेये यांनी याचं कारण मांडलं: नाव घेतलं की तो येतो, म्हणून नाव घ्यायचं नाही. ही निषेधाची चाल. ती भौतिकशास्त्राच्या नियमासारखी नसते. अस्वलं ग्रीसमध्येही होती, तरी तिथे नाव टिकलं. पण पट्टा इतका सलग आहे की दुसरं पटण्यासारखं कारण मला तरी दिसत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. रात्री सापाला ‘साप’ न म्हणता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणणाऱ्या आज्या अजून हयात आहेत. साप चावला म्हणायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं. अंगावर फोड उठवून माणसं मारणाऱ्या रोगाला आपण ‘देवी’ म्हटलं. बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. घरातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. सगळं तेच.

या चालीत एक मेख असते. टोपणनाव फार वापरलं की तेच खरं नाव होऊन बसतं, आणि मग तेही घेणं धोक्याचं वाटायला लागतं. रशियनमध्ये नेमकं असंच झालं. ‘मेद्वेद’ म्हणजे मध खाणारा हे लोक विसरले, तो शब्द थेट अस्वलाला चिकटला, आणि उत्तरेकडचे नि सायबेरियातले शिकारी जंगलात मेद्वेद म्हणायचंही टाळू लागले. म्हणायचं ‘तो’, ‘मालक’, ‘आजोबा’, ‘फेंगड्या’. लोककथांमध्ये अस्वलाचं नाव असतं मिखाइलो पोतापिच, म्हणजे अगदी वडिलांच्या नावासकट; गावच्या पाटलाला हाक मारावी तसं. लाडाने मीशा, मीश्का. कधी तोप्तिगिन, म्हणजे धपाधप पाय आपटत चालणारा. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचं ते गोंडस शुभंकर मीशा आठवत असेल. कमरेला पट्टा, गालावर हसू. त्या हसऱ्या नावाच्या तळाशी हजारो वर्षांची भीती साचलेली आहे असं कोणाला वाटलं असेल?

या निषेधाच्या कल्पनेवर अलीकडे रशियात मोठी दुकानदारी चालते. ‘अस्वलाचं खरं, गुप्त स्लाव्ह नाव बेर होतं, म्हणून तर त्याच्या गुहेला बेर्लोगा म्हणतात, बेरची गुहा!’ हे तिकडचं फॉरवर्ड. बेर्लोगा हा शब्द चिखल, दलदल अशा अर्थाच्या जुन्या शब्दांच्या घरातला आहे. त्यात बेर नाही. दुसरं याहून खमंग. रशियन म्हण आहे, ‘पहिलं धिरडं गोळा होतं’. तवा नीट तापलेला नसतो, पीठ चिकटतं, हे आंबोळ्या घालणारी कुठलीही बाई सांगेल. यातला गोळा म्हणजे ‘कोम’. आता म्हणे कोम म्हणजे अस्वल, आणि पहिलं धिरडं अस्वलदेवाला वाहायचं असा हा प्राचीन सण! मूळ नोंद एवढीच, की एकोणिसाव्या शतकात बेलारूसच्या एका भागात वसंताच्या तोंडाशी वाटाण्याचे गोळे वगैरे खाऊन लोक जागं होणाऱ्या अस्वलासारखे गडाबडा लोळत. तेवढ्या नोंदीवर अख्ख्या स्लाव्ह जातीचं नववर्ष उभं केलं गेलं. आपल्याकडच्या उत्साही मंडळींना तिकडे भाऊ आहेत, एवढाच याचा अर्थ.

आता कथांकडे. अलेक्सांद्र अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात रशियन लोककथांचे भाग छापले, आणि आज ‘रशियन लोककथा’ म्हणून जगभर जे काही पोचतं त्यातलं बरंचसं तिथलं. आमच्या पिढीला या कथा भेटल्या त्या सोव्हिएत युनियनमध्ये छापलेल्या गुळगुळीत कागदाच्या मराठी पुस्तकांतून. चार-दोन रुपयांत मिळायची, आणि त्यांना एक निराळाच वास यायचा. त्यातलं अस्वल बहुधा बावळट असायचं. शेतकरी म्हणतो, आपण भागीत शेती करू. वरचं तुझं, मुळं माझी. आणि पेरतो सलगम. अस्वलाच्या वाट्याला पाला. पुढच्या वर्षी अस्वल शहाणं होऊन म्हणतं, आता मुळं माझी. शेतकरी गहू पेरतो. दुसऱ्या एका कथेत उंदीर, बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा एका इवल्याशा घरात गुण्यागोविंदाने राहतात. शेवटी अस्वल येतं, छपरावर बसतं आणि घरच चिरडून टाकतं. ताकद अफाट, अंदाज शून्य.

‘तीन अस्वलं’ ही गोष्ट मात्र या यादीतून काढा. रशियातही ती लोककथाच समजली जाते, पण ती मूळची इंग्रजी. टॉल्स्टॉय यांनी ती रशियन केली, अस्वलांना रशियन नावं दिली, आणि ती तिथलीच होऊन गेली.

बावळट अस्वलाच्या आड एक दुसरं अस्वल उभं असतं, ते सगळ्या मुलांच्या पुस्तकांत येत नाही. लाकडी पायाच्या अस्वलाची कथा घ्या. म्हातारा जंगलात अस्वलाचा पंजा कुऱ्हाडीने तोडून घरी आणतो. म्हातारी कातडं सोलून त्यावर बसते, लोकर कातायला घेते, मांस चुलीवर चढवते. तिकडे अस्वल लिंडन झाडाच्या लाकडाचा पाय करून घेतं, काठी टेकत गावाकडे निघतं. बाहेर बर्फ, पाय करकरतो, आणि ते गुणगुणतं: करकर, माझ्या लाकडी पाया, करकर, पाणी झोपलं, माती झोपली, गावं झोपली, एक म्हातारी तेवढी जागी, माझ्या कातड्यावर बसली, माझी लोकर कातते, माझं मांस शिजवते. घरातल्या दोघांना ते गाणं जवळ जवळ येताना ऐकू येतं. काही ठिकाणी ती दोघं तळघराचं दार उघडं ठेवून अस्वलाला खाली पाडतात. काही ठिकाणी अस्वल त्यांना खाऊन टाकतं. मी ही कथा माझ्या मुलीला ती आठ वर्षांची असताना वाचून दाखवली आणि नंतर आठवडाभर रात्री तिच्याबरोबर न्हाणीघरापर्यंत जावं लागलं.

या कथेत अस्वलाचं नाव एकदाही गोड करून घेतलेलं नाही, आणि ते काही चूक करत नाही. चूक माणसाने केली आहे. मारलेल्या प्राण्याचा मान ठेवला नाही, कातडं, लोकर, मांस सगळं एका रात्रीत उपसलं, आणि देणेकरी दारात आला. सायबेरियातल्या खांती आणि मान्सी लोकांमध्ये अस्वल मारलं की त्याच्यासाठी काही रात्री चालणारा सोहळा करायची पद्धत आहे. त्याला पाहुण्यासारखं बसवतात, गाणी म्हणतात, आणि त्याला मारल्याचा दोष आपल्यावर येऊ नये म्हणून बोलतात. रशियन कथा सोहळा विसरली असेल, पण विसरल्यावर काय होतं ते लक्षात ठेवून बसली आहे.

तिसरा प्रकार त्याहून अजब, अस्वलाचा मुलगा. एक बाई जंगलात अस्वलाच्या बिळात पडते, तिथेच राहते, आणि तिला मुलगा होतो; कमरेपर्यंत माणूस, खाली अस्वल. इवान मेद्वेद्को. तो इतका ताकदवान, की खेळता खेळता गावातल्या पोरांचे हात-डोकी उपटतो. अशा कथा सुचायला नुसती भीती पुरत नाही, नातं वाटावं लागतं. आणि ते वाटायला शरीरशास्त्रात भक्कम कारण आहे. कुत्रा, लांडगा, मांजर बोटांवर चालतात. अस्वल आपल्यासारखं अख्खा तळवा टेकून चालतं. ओल्या मातीत उमटलेला त्याच्या मागच्या पायाचा ठसा, नखांच्या खुणा वगळल्या तर, अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो. पावलं जरा आत वळलेली, म्हणून तर ‘फेंगड्या’. ते दोन पायांवर उभं राहतं. आणि कातडं काढलेलं अस्वलाचं धड माणसासारखं दिसतं असं शिकारी सांगत आले आहेत. ‘अस्वल म्हणजे शाप लागलेला माणूस’ ही समजूत रशियाभर सापडते. एका कथेत तर लिंडनच्या झाडाकडे हावरटासारखं मागत सुटलेलं म्हातारं जोडपं शेवटी ‘लोकांनी आम्हाला भ्यावं’ असा वर मागतं आणि अस्वल होतं.

दुसरं कारण त्याची झोप. शरदात जमिनीखाली गेलेला प्राणी पाच-सहा महिने न खाता, न पिता, लघवीलाही न उठता पडून राहतो आणि वसंतात जिवंत बाहेर येतो. मादी तर आत एकटी जाते आणि पिल्लं घेऊन बाहेर येते. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली ती पिल्लं अर्ध्या किलोच्या आसपासची असतात. बेडकासारखं अस्वल गारठून जात नाही. शरीराचं तापमान चार-पाच अंशांनीच उतरतं, पण हृदयाचे ठोके मिनिटाला दहाच्या घरात येतात. लघवीतून जाणारा युरिया शरीर परत वापरून त्याचीच प्रथिनं करतं, म्हणून इतके महिने पडूनही स्नायू फारसे झडत नाहीत. आपण दोन महिने अंथरुणाला खिळलो तर उठून उभं राहता येत नाही. रशियन लोक म्हणत, अस्वल हिवाळ्यात पंजा चोखून जगतं. हलाखीत दिवस काढण्याला रशियनमध्ये आजही ‘पंजा चोखणे’ म्हणतात. पंजातून पोषण मिळत नाही, पण निरीक्षण अगदीच पोकळ नव्हतं. हिवाळी झोपेत तळव्यांची जाड कातडी सुटून येते आणि अस्वल ती चाटतं.

१२ डिसेंबरला, म्हणजे आताच्या पंचांगाने २५ डिसेंबरला, संत स्पिरिदोनच्या दिवशी अस्वल बिळात कूस बदलतं अशी समजूत होती. हिवाळा मध्यावर आला, दिवस मोठा व्हायला लागला याची ती खूण. मला हे वाचताना परिवर्तिनी एकादशी आठवली. आषाढीला झोपलेला विष्णू भाद्रपदात कूस बदलतो आणि कार्तिकीला उठतो. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही. लांबलचक, नुसतं थांबून राहण्याचा ऋतू मोजायचा असला की कोणालातरी झोपवून मधे एकदा वळवावं लागत असेल. आणि जे अस्वल झोपत नाही, पोटात चरबी नाही म्हणून भर हिवाळ्यात भटकतं, त्याला रशियनमध्ये ‘शतून’ म्हणतात, भटक्या. ते माणसावर येतं. लाकडी पायाची कथा बर्फातच का घडते, ते आता कळेल.

मधाकडे परत येतो. जुन्या रुसमध्ये मध आणि मेण ही मोठी निर्यात होती. लोक पेट्या ठेवत नसत. उंच झाडाच्या खोडात ढोली कोरून जंगली मधमाश्या वसवत. अस्वलाला आणखी काय हवं! त्याला अडवायला ढोलीच्या तोंडाशी एक जड ओंडका दोरीने टांगत. अस्वल वर चढतं, ओंडका बाजूला ढकलतं. ओंडका जातो, लंबकासारखा परत येतो, डोक्यावर बसतो. अस्वल चिडून जास्त जोरात ढकलतं. ओंडका जास्त उंच जातो, म्हणजे जास्त स्थितिज ऊर्जा साठवतो, आणि तेवढ्याच जोराने परत देतो. शेवटी थकलेलं अस्वल खाली पडतं, काही ठिकाणी खाली खुंटे रोवलेले असत. या यंत्राला एक पै ऊर्जा माणूस पुरवत नाही, सगळी अस्वलाची. सलगमाच्या पाल्यावर फसणारं बावळट अस्वल कथेत कुठून आलं असेल याचा विचार करताना मला हा ओंडका सोडवत नाही.

आपल्या जंगलातलं अस्वलही मधाचं शौकीन, आणि त्याचं शास्त्रीय नाव ‘मेलुर्सुस’, म्हणजे मध + अस्वल. युरोपियन शास्त्रज्ञांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते ठेवलं. रशियन शेतकऱ्याची कल्पना पुन्हा एकदा, या वेळी लॅटिनमध्ये. लहानपणी आमच्या गल्लीत दरवेशी यायचा. अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली. बाया आपली पोरं त्याच्या पाठीवर बसवायच्या, आणि दरवेशी त्याचे केस उपटून ताइतात घालायला विकायचा. रशियातही असे अस्वलवाले गावोगाव फिरत, आजाऱ्याच्या अंगावरून अस्वलाला चालवत, गोठ्यात पंजा टांगत. केसात मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन असतं, जे आपल्या नखांतही असतं. नखं कापून ताइतात घातली असती तर निदान त्या जनावराच्या नाकाचं भोक वाचलं असतं.

राजकीय व्यंगचित्रांतलं रशियन अस्वल हा वेगळा विषय, आणि मला त्यात फारसा रस नाही. ते बरंचसं पश्चिमेने बाहेरून चिकटवलेलं. १८७८ साली एका ब्रिटिश नियतकालिकात अफगाणिस्तानचा अमीर एका बाजूला अस्वल आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनचा सिंह यांच्यामधे उभा दाखवला होता. तो सिंह आपल्या मानगुटीवर बसलेला होता, एवढाच आपला संबंध. लोककथेतलं अस्वल कोणत्याही देशाचा नकाशा घेऊन फिरत नाही.

पुतण्याला शेवटी मी एकच गोष्ट लिहून पाठवली. ऋक्ष आणि ऋषी एका जागी आलेले पाहायचे असतील तर रशियाला जायला नको, रात्री गच्चीवर जाऊन उत्तरेकडे पाहा. ऋग्वेदात ‘अमी य ऋक्षा निहितास उच्चा’ अशी ओळ आहे; ते उंचावर ठेवलेले ऋक्ष रात्री दिसतात, दिवसा कुठे जातात? आणि शतपथ ब्राह्मण स्पष्टच सांगतं, की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ग्रीकांनी त्याच सात ताऱ्यांना आर्क्तोस म्हटलं. आर्क्टिक हा शब्द तिथला, अस्वलाच्या ताऱ्यांखालचा प्रदेश. आपण कधीतरी त्या अस्वलांचे ऋषी केले. आणि रशियन माणूस वर पाहून म्हणतो ‘बोल्शाया मेद्वेदित्सा’, मोठी मध खाणारी. त्याने आकाशातसुद्धा तिचं नाव घेतलेलं नाही.